'पोट पडलं' की 'पोट पाडलं'?

खानापूरची थोरली
माझ्या धाकट्या जावेला तिसऱ्या महिन्यात रक्त जायला लागलं. बाळ राहिलं नाही. बेळगावात एका दवाखान्यात पिशवी साफ करून घरी आणली. कार्डावर लिहिलेलं 'इनकंप्लीट अबॉर्शन'. पुतण्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या आत्त्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हातातली भाकरी परातीत टाकली, "खरं सांग गे, पाडून घेटलीस?" आठ दिवस झाले, दोघींचं बोलणं बंद. मराठीत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द नाहीत काय?

जुना मास्तर, निपाणी
आहेत की. तुमच्या आत्त्यांनीच वापरला. 'पडणं' आणि 'पाडणं'. पोट पडलं म्हणजे आपोआप, पाडलं म्हणजे कुणीतरी केलं. एका काान्याचा फरक, त्यात सगळं आलं. 'गर्भपात' या पुस्तकी शब्दात मात्र कर्ता दिसतच नाही. सुश्रुतानं भेद केलाय तोही महिन्यांवरून: चौथ्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात. कुणी केलं हा प्रश्नच त्यात नाही. डॉक्टरांचं 'अबॉर्शन' तसंच आहे, आपोआप झालेलंही त्यातच येतं. 'इनकंप्लीट' म्हणजे गर्भ पडला, खरं थोडा भाग आत राहिला, म्हणून पिशवी साफ करावी लागली. एवढं आत्त्यांना सांगा.

जनावरांना आपण हा शब्द लावत नाही. म्हैस 'गाभडली' म्हणतो. तिच्यावर कोण संशय घेत नाही.

चंदगडची लेक, बेळगावची सून
आमच्याकडं 'खाली केलं' म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणीला कळेना, खाली म्हणजे कुठं? तिच्या मराठीत खाली म्हणजे वर-खाली मधलं. आमच्यात डबा खाली, तेल खाली झालं, म्हणजे रिकामं, संपलं. कन्नडमध्येही 'खाली' म्हणजे तेच. मला हा शब्द बरा वाटतो. 'पाडलं'मध्ये पाप आहे, 'खाली केलं'मध्ये नुसतं काम उरकलेलं आहे. बायका हळू आवाजात बोलतात तेव्हा हाच शब्द येतो.

नर्सबाई
शब्दांनी आमचा घोळ रोज होतो. 'पिशवी साफ केली' आणि 'पिशवी काढली' यांत जमीन-अस्मानाचा फरक. एक बाई साफ करायला घाबरत होती, पुढं मूल होणार नाही म्हणून. तिला वाटलेलं पिशवीच काढूलालेत. 'गोळी'चंही तसंच. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची ती गर्भ राहू नये म्हणून. राहिलेला गर्भ पाडायची गोळी वेगळी, ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "गोळी द्या" म्हटलं की कुठली मिळेल?

आणि सगळ्यात वाईट शब्द 'भ्रूणहत्या'. भिंतींवर तोच वाचून वाचून बायकांना वाटतं, गर्भपात म्हणजेच गुन्हा. गुन्हा आहे तो पोटात मुलगा की मुलगी ते बघणं, त्याचा कायदा १९९४ चा. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ चा, म्हणजे माझ्या आईच्या लग्नाच्या आधीचा! २०२१ मध्ये तो आणखी सैल झाला: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक बायकांसाठी २४ पर्यंत, तेव्हा दोन डॉक्टर लागतात. बाई अठराच्या वरची असेल तर सही तिची एकटीची. नवऱ्याची लागत नाही. हे सांगितलं की निम्म्या जणी माझ्याकडं बघतच राहतात, आणि उरलेल्या दाराकडं, नवरा ऐकतोय काय म्हणून.

जुना मास्तर, निपाणी
वर 'कान्या'च्या जागी दोन काने पडलेत. कान्याबद्दलच लिहिताना! चष्मा बदलायला झाला.

खानापूरची थोरली
आत्त्यांना पडलं-पाडलंचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझंबी एक पडलेलं, तुझा नवरा व्हायच्या आधी." माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा ऐकलं. रात्री जावेला पेज त्यांनीच करून दिली.