मदत हवी आहे: आईचं कानाचं मशीन सतत शिट्टी मारतंय

मोरपंखी:
आईच्या कानाच्या मशीनची सारखी शिट्टी वाजते. सेल बदलला, मशीन पुसून झालं, फरक शून्य. दुकानदार म्हणतो जुनं झालंय, नवीन घ्या, आणि आकडा लाखाच्या घरातला. घरच्या घरी काही करता येईल का? जरा लवकर सांगा, रविवारी घरात साखरपुडा आहे.

कर्णपिशाच्च:
मशीन कानामागचं की कानात बसणारं? मोल्ड (कानाच्या मापाने केलेला साचा) आहे की रबरी डोम (तयार टोपी)? कोणत्या कानाला? शेवटची पीटीए (किती ऐकू येतं त्याची तपासणी) कधी केली?
तोवर हे करून बघा. मशीन हातात घेऊन चालू करा आणि मोल्डच्या आतल्या भोकावर अंगठा घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन ठीक आहे, कानात घातल्यावर आवाज कडेने गळून परत माइकमध्ये शिरतोय. थांबली नाही तर मोल्ड आणि त्याची ट्यूब (नळी) काढून हुकाच्या (मशीनचं कानावर अडकणारं वाकडं टोक) तोंडावर बोट ठेवा. आता थांबली तर ट्यूबला चीर आहे. तरीही वाजत राहिली, तरच मशीनकडे बोट दाखवायचं.

बारामतीकर:
केंद्र सरकारच्या एडिप (अपंगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून मशीन मिळतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग श्रवण-वाचा संस्थेत चौकशी करा.

तिरकस:
बारामतीकर, त्यांच्याकडे मशीन आहे हो. शिट्टीचं विचारलंय.

घरगुती_उपाय:
लसणाचं तेल कोमट करून दोन थेंब. मळ सुटला की शिट्टी जाते.

कर्णपिशाच्च:
मळामुळे शिट्टी येते हे खरं, पण पडदा बघितल्याशिवाय तेल नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात जातं. कोमट म्हणता म्हणता गरम पडलं तर नळीची कातडी भाजते. शिवाय तेलकट कानात मोल्ड आणखी घसरतो.

टेक्नोबा:
एवढी खटपट कशाला? रिसीव्हर (छोटा स्पीकर) कानात बसणारं नवं आरआयसी घ्या. शिट्टी दाबायची सोय आतच असते, फोनही ब्लूटूथवरून थेट कानात.

तिरकस:
ऑडिओग्राम (पीटीएचा आलेख) न बघता मॉडेल ठरवायचं? ऐकण्याचा लॉस ७०-८० डेसिबलचा असेल तर उघड्या डोममधून आवाज गळणारच. तिथे मोल्डच लागतो, मशीन कितीही भारी घ्या.

मोरपंखी:
कानामागचं आहे, मोल्डवालं. डावा कान. पीटीए तीन वर्षांपूर्वीची, कागद सापडत नाही. अंगठा दाबला की शिट्टी बंद होते. ट्यूब पिवळी आणि कडक झालीये. आई आवाज एकदम वर ठेवते, कारण मंगळवारपासून उजव्या कानाला दडे बसलेत. सर्दीचं असेल. तर मग ट्यूब बदलू का फक्त?

कर्णपिशाच्च:
ट्यूब राहू द्या. उजवा कान मंगळवारच्या आधी चांगला होता का? दडे हळूहळू बसले की एकदम? चक्कर, कानात गुंजन? आईंना शुगर आहे?

मोरपंखी:
उजवा बराच बरा होता, फोन त्याच कानाला लावायची. सकाळी उठली तेव्हापासून बंद. गुंजन आहे, चक्कर नाही. शुगर आहे, गोळ्या चालू. पण मी मशीनचं विचारत होते...

कर्णपिशाच्च:
आजच ईएनटीकडे न्या, रविवारची वाट बघू नका. एका रात्रीत कान बंद होणं म्हणजे मळ, सर्दीचं पाणी किंवा ऐकण्याची नस अचानक उतरणं (कमजोर होणं). मळ असेल तर पाच मिनिटांत कळेल. नस असेल तर स्टिरॉइड जितकं लवकर तितकं बरं. पहिल्या दोन आठवड्यांनंतर उपयोग झपाट्याने कमी होतो. शुगर आहे हे आधी सांगा. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढते, म्हणून काही वेळा पडद्यातून मध्यकर्णात इंजेक्शन देतात. नुसते थेंब देऊन परत पाठवलं तर पीटीएचा आग्रह धरा.

नागपुरी_संत्रं:
घरीच कळतं की. तोंड मिटून 'म्म्म' म्हणायला लावा. आवाज बंद कानात जास्त वाटला तर मळ किंवा पाणी, चांगल्या कानात वाटला तर नस.

कर्णपिशाच्च:
एक कान धडधाकट असेल तर ठीक. इथे डावा आधीच उतरलेला आहे. उजवा त्याच्याच पातळीला आला असेल तर आवाज मधोमध वाटेल, त्यातून काय काढणार? दवाखान्यात ५१२ हर्ट्झच्या कंप पावणाऱ्या काट्याने (ट्यूनिंग फोर्क) तेच बघतात, पण निकाल पीटीएवरच लागतो.

नागपुरी_संत्रं:
मधोमध आला तर दवाखाना, एवढंच म्हणतोय.

तिरकस:
आणि कुठेही आला तरी दवाखानाच. मग 'म्म्म' कशाला?

मोरपंखी:
जाऊन आलो. मळ नाही, पडदा ठीक. पीटीएत उजवा कान नसेचाच उतरलाय. इंजेक्शन सुरू केलं, एमआरआयही सांगितलाय. साखर रोज तपासायची. आता निदान डावा तरी नीट चालू दे, ट्यूबचं सांगा.

कर्णपिशाच्च:
एमआरआय टाळू नका, श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे त्यात बघतात. कानाचं मशीन मात्र आत नेऊ नका.
ट्यूब १३ नंबरची मागा. जुनी ओढून काढा, मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुवा, रात्रभर वाळवा. नव्या ट्यूबचं निमुळतं टोक मोल्डच्या बाहेरच्या बाजूने घालून आतून ओढा, आतलं टोक मोल्डच्या कडेला सपाट कापा. हुकाकडची लांबी जुन्या ट्यूबवरून मोजा. लांब राहिली तर मशीन कानामागून उचललं जातं, आखूड झाली तर मोल्ड ओढून बाहेर काढते. तरी वाजलं तर कानाचं नवं माप देऊन मोल्ड करून घ्या, नव्या मशीनच्या मानाने तो खर्च किरकोळ. आणि आवाज सगळ्यात वर ठेवू नका, नव्या पीटीएवरून मशीन परत सेट करून घ्या.

टेक्नोबा:
साखरपुड्यात आईंना स्पीकरपासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवा. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की अर्धं काम होतं. आरआयसीचं नंतर बोलू.