गिटारचे सर परत पहिल्यापासून शिकवतायत आणि गाणी पूर्ण बंद केलीयेत, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये पण प्लीज पूर्ण वाचा, घरात यातलं कळणारं कोणी नाहीये.

मी तीन वर्षं व्हिडिओ बघून बघून स्वतःच गिटार शिकले, अकूस्टिक, स्टीलच्या तारांची. ओपन कॉर्ड्स (काही तारा मोकळ्या सोडून वाजतात त्या) सगळ्या येतात, स्ट्रमिंगचे चार-पाच पॅटर्न येतात. आई गाते आणि मी साथ करते, गिटार घेतली तीच मुळात त्यासाठी. एफ ही कॉर्ड मात्र कधी जमली नाही, ती बार कॉर्ड आहे, म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचं, आणि बार आली की मी पळ काढायचे. म्हणजे सी च्या पट्टीतलं गाणं असेल तर सी, ए मायनर, एफ, जी न वाजवता पाचव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पाचव्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जी, ई मायनर, सी, डी वाजवायचं, पट्टी तीच राहते आणि एफ टळते. अशी तीन वर्षं काढली.

मग वाटलं आता नीट शिकूया, म्हणून दोन महिन्यांपूर्वी एका सरांकडे आठवड्यातून एकदा एकटीचा क्लास सुरू केला. खूप वर्षं शिकवतायत, आणि माणूस खरंच जाणकार आहे. पहिल्याच दिवशी माझी गिटार हातात घेऊन पहिल्या फ्रेटवर तार दाबून बघितली आणि म्हणाले नट (दांड्याच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तो तुकडा) उंच आहे, एफ न यायला अर्धं कारण हेच. सेटअप करून, म्हणजे तारांची उंची नीट करून आणल्यावर खरोखर फरक पडला, तीन वर्षं मी माझ्या बोटांना दोष देत होते.

दुसऱ्या क्लासला त्यांनी मला एक गाणं वाजवायला सांगून फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं. प्रत्येक कॉर्ड बदलताना माझा उजवा हात थांबतो. अगदी थोडा, पण दर वेळी. वाजवताना मला हे कधीच जाणवलं नव्हतं. घरी येऊन आईसोबतची जुनी रेकॉर्डिंग्ज काढून ऐकली तर काय, आई प्रत्येक ओळीच्या शेवटी माझ्यासाठी थांबतीये. मला वाटायचं तिची गायची पद्धतच तशी आहे. ती तीन वर्षं मला सांभाळून घेत होती आणि बोलली एकदाही नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला.

तर त्यानंतर सरांनी गाणी पूर्ण बंद केली. सध्या घरी एवढंच, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर, दोनच कॉर्ड, डावा हात पोचो न पोचो उजवा खालीवर चालूच ठेवायचा, तारांची नुसती खडखड झाली तरी चालेल. शिवाय पिक (तारा छेडायची छोटी चकती) धरायची पद्धत बदलली, डाव्या अंगठ्याची जागा बदलली, त्यामुळे आधी जे येत होतं तेही आता अडखळतं. दोन महिने झाले आणि आई रोज नाही पण दोन-तीन दिवसांनी विचारते, आज बसायचं का गं? मी क्लासचा अभ्यास आहे म्हणून टाळते. तिचं वय झालंय, दम पूर्वीसारखा टिकत नाही, मला हे महिने असे घालवायचे नाहीयेत. पण सरांना सांगायचं कसं? एवढा अनुभवी माणूस, त्यांना वाटेल हिला कष्ट नकोत, नुसती गाणी वाजवायचीयेत.

प्रश्न दोन. एक, सगळं असं मोडून परत बांधणं बरोबर आहे का की सर जरा जास्तच कडक आहेत? दोन, बार धरला की मनगटाच्या आतल्या बाजूला दुखतं, हे नॉर्मल आहे का?

प्रतिसाद १
आधी मनगटाचं. सुरुवातीला बोटांची टोकं दुखणं ठीक आहे, मनगट दुखणं नाही. दुखलं की त्या दिवसापुरतं थांबा आणि पुढच्या क्लासला सरांना पहिली हीच गोष्ट सांगा, मुंग्या येत असतील किंवा दुखणं राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक तुम्ही सहाही तारा पहिल्या बोटाने जीव खाऊन दाबताय. एफ मध्ये पाचवी, चौथी, तिसरी तार बाकीची बोटं दाबतात, पहिल्या बोटाकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली उरते. बोट थोडं कडेवर वळवा, फ्रेटच्या पट्टीला चिकटून ठेवा, जोर अंगठ्याने चिमटून नको, कोपर किंचित मागे ओढून हाताच्या वजनाने येऊ दे. आणि हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए होतो आणि तार सहज दबते, मग एकेक फ्रेट नटाकडे सरकत या.
उजव्या हाताचं सर शंभर टक्के बरोबर सांगतायत. साथ करणाऱ्याची एखादी कॉर्ड चुकली तर गाणारा निभावून नेतो, लय तुटली तर त्याला थांबावंच लागतं.

प्रतिसाद २
सरांशी सहमत पण गाणी पूर्ण बंद कशाला? त्यांना तुम्ही आईबद्दल सांगितलंय का? नसेल सांगितलं तर त्यांना कसं कळणार, ते तुम्हाला गिटारिस्ट बनवायला बसलेत. दोन कॉर्डचं एखादं गाणं त्यांच्याकडूनच निवडून घ्या, क्लासची शेवटची पंधरा मिनिटं त्यालाच द्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. नाही, आईबद्दल सांगितलंच नव्हतं, मीच गृहीत धरलं की ते हसतील. काल क्लासमध्ये मनगटाचं सांगितलं आणि मग ते जुनं रेकॉर्डिंगही ऐकवलं. सर पूर्ण ऐकत बसले, मग म्हणाले हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस, तुझा मेट्रोनोम तर घरातच आहे. आता या आठवड्याचा अभ्यास असा, बार आठवडाभर बंद, आईने दोन कॉर्डचं एक गाणं गायचं, अजिबात थांबायचं नाही, आणि मी चुकले तरी हात चालू ठेवायचा. आज संध्याकाळी बसलो. मी चार ठिकाणी चुकीची कॉर्ड वाजवली, आई एकदाही थांबली नाही.

पिक अजून बोटातून फिरते, त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.