तीस दिवसांत लिहिलेली कादंबरी रद्दीच असते का?

सायंतारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "महिन्यात कादंबरी पाडणारे लेखक नव्हेत, टंकलेखक." रात्रभर डोक्यातून जाईना. मी २०२३ च्या नोव्हेंबरात नॅनोरायमो केलं, म्हणजे महिन्याभरात कादंबरी लिहायचा जगभरचा उपक्रम. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. आम्ही चौघी रात्री दहाला व्हिडिओ लावायचो, आवाज बंद, नुसतं लिहायचं. १२ तारखेला लक्ष्मीपूजन होतं, बोटांना चकलीचं तेल, तरी ४१२ शब्द झाले. त्याआधी सात वर्षं मी पहिलंच प्रकरण घासत बसले होते. समोर तिघींच्या माना खाली दिसल्या की खोडायला हात जात नाही. ३८ हजारांवर महिना संपला, पण शेवट लिहून झाला.

काळी_शाई: ते वाक्य माझं, मागे घेणार नाही. दिवाळी अंकासाठी कथा निवडायचं काम मी सहा वर्षं केलंय. घाईत लिहिलेली कथा दुसऱ्या परिच्छेदातच कळते. नायक उठतो, चहा करतो, खिडकीबाहेर बघत बसतो. लेखकाला पुढचं सुचेपर्यंत चहा उकळत राहतो.

आडवाट: अहो, १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासून दिवाळी अंक मुदतीवरच निघतायत! हरिभाऊ आपट्यांची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशःच आली ना? तेव्हा मुदत चालते, आता का बोचते?

काळी_शाई: हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षं लिहिणं वेगळं, तीस दिवसांत उरकणं वेगळं.

रफारउकार: मुळात पन्नास हजार हा आकडाच आपला नाही. १९९९ मध्ये नॅनोरायमो सुरू करताना सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एकवीस जणांनी इंग्रजीसाठी धरलेला. आपलं 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एक शब्द. इंग्रजीत सातआठ लागतील. सायंताराताईंचे ३८ हजार म्हणजे तिकडचे पन्नास सहज.

आडवाट: ही पळवाट झाली. ठरलं ते ठरलं.

रफारउकार: पळवाट? वीस वर्षं मुद्रितं तपासतोय मी. 'मुला साठी', 'घरा समोर' असं तोडून लिहिलेलं रोज जोडतो. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतं हे आता शिकलेल्यांनाही सांगावं लागतं. शब्द मोजायची शर्यत लावलीत की लोक भाषा तोडणारच.

सायंतारा: आमच्यातल्या एकीने शेवटच्या आठवड्यात तोडले होते, नाकारत नाही. नंतर तिनेच बसून जोडले.

रफारउकार: म्हणजे मी म्हणतो तेच झालं!

आडवाट: तुमच्या अव्ययांपायी मूळ मुद्दा मेला. आणि नॅनोरायमोची संस्थाही २०२५ च्या मार्चअखेर बंद झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच्या वर्षी यंत्राकडून, म्हणजे एआयकडून लिहून घेण्याचा स्पष्ट निषेध करेनात, तेव्हाच माझं मन उडालं.

सायंतारा: माझंही. पण दहाच्या बैठकीला संस्था कशाला हवी? गेल्या नोव्हेंबरातही आम्ही बसलो. एकीच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, ती तिथल्या बाकावरून फोनवर लिहीत होती. तिला टंकलेखक म्हणालात म्हणून मी चिडले.

काळी_शाई: त्या बाईंबद्दल तो शब्द वापरायला नको होता. बाकी मत तेच. कादंबरी मुरू द्यावी लागते.

सायंतारा: दोन वर्षं मुरतेच आहे. तिसऱ्यांदा लिहितेय.

काळी_शाई: मग हे आधी का नाही सांगितलंत? शेवटची वीस पानं पाठवा, वाचतो.

रफारउकार: आधी माझ्याकडे. जोडून देतो.