कॅपिलानोच्या झुलत्या पुलाला माणशी सत्तर डॉलर द्यावेत का?

वाटाड्या_उत्तरेचा

उन्हाळा आला की व्हँकुव्हरमध्ये भारतातून आईवडील येतात आणि त्यांच्यामागोमाग तोच प्रश्न येतो: कॅपिलानोचा झुलता पूल दाखवायचा का? माझं उत्तर, नाही. लिन कॅनियनला न्या.

हिशेब बघा. कॅपिलानोचं प्रौढ तिकीट करासकट सत्तर डॉलरच्या वर जातं. पासष्टीपुढच्यांना थोडी सूट असते, पण दोन तुम्ही आणि दोन ते धरले तर अडीचशे-तीनशे डॉलर गेलेच. लिन कॅनियनचा पूल फुकट आहे. १९१२ साली उद्यानाबरोबरच तो उघडला, तेव्हा दहा सेंट घ्यायचे, आता तेही नाहीत. खाली ५० मीटर खोल दरी, दोन्ही बाजूंना डग्लस फर आणि सीडरच्या झाडांची दाटी. डाउनटाउनच्या वॉटरफ्रंट स्टेशनवरून सीबस, म्हणजे प्रवासी बोट, पकडायची, बारा मिनिटांत पलीकडचा 'लॉन्सडेल की' (Lonsdale Quay) हा धक्का. तिथून २२८ नंबरची बस, पीटर्स रोडच्या स्टॉपवर उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. पूल ओलांडून ट्विन फॉल्सचा फेरा घातला की पाऊणेक तासात परत.

पैसे द्यायचेच असतील तर कशासाठी देतोय ते तरी कळावं. झाडं तीच, दरी तशीच, नदीसुद्धा तशीच.

---

हिशेबी_काकू

दरी 'तशीच' नाही हो. कॅपिलानोचा पूल १४० मीटर लांब आणि पाण्यापासून ७० मीटर उंच. लिनचा लांबीला त्याच्या निम्म्यानेही नाही. आणि तिकिटात नुसता पूल नसतो. पलीकडे सात छोटे पूल झाडाझाडांतून टांगलेत, जमिनीपासून तीसेक मीटरपर्यंत. २००४ पासूनचे. त्यांची गंमत बांधणीत आहे: झाडात एकही खिळा किंवा बोल्ट ठोकलेला नाही. खोडाभोवती कडं आहे, ते नुसत्या दाबावर धरून राहतं आणि झाड जाड होईल तसं सैल करता येतं. अलीकडच्या काठावर २०११ साली केलेला क्लिफवॉक आहे, ग्रॅनाइटच्या कड्यातून अर्धगोलात बाहेर आलेला, २१३ मीटरचा. हे लिनमध्ये कुठे मिळणार?

वर डाउनटाउनमधल्या कॅनडा प्लेसपासून शटल फुकट, म्हणजे चौघांचं जायचं-यायचं बसभाडं त्यातून वजा करा. आणि तुम्ही ब्रिटिश कोलंबियाचे रहिवासी असाल तर एका दिवसाच्या तिकिटात वर्षभराचा पास मिळतो. पत्त्याचा पुरावा मात्र जवळ हवा. आईवडील मेमध्ये, सासूसासरे सप्टेंबरमध्ये, असं ज्यांच्याकडे चालतं त्यांना निदान स्वतःचं तिकीट दुसऱ्यांदा काढावं लागत नाही.

फुकट ते पौष्टिक, हे दर वेळी खरं नसतं.

---

वाटाड्या_उत्तरेचा

काकू, आकडे मान्य. पण त्या १४० मीटरवर जुलैच्या दुपारी उभं राहायला जागा असते का? अकरा ते तीनमध्ये पुलावर मुंगीच्या पावलांनी रांग सरकते. मध्ये थांबून फोटो काढायचा तर मागचे खोळंबतात. सत्तर डॉलर देऊन पुढच्याची पाठ बघायची.

---

डेकवरून

गर्दीचं गणित बंदराच्या वेळापत्रकात असतं. अलास्काला जाणारी क्रूझ जहाजं कॅनडा प्लेसलाच लागतात, आणि कॅपिलानोचं शटलही तिथूनच सुटतं. हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत. जहाजं सकाळी लागतात आणि दुपारी उशिरा सुटतात. कोणत्या दिवशी किती जहाजं आहेत ते बंदराच्या वेबसाइटवर आधीच जाहीर असतं. ज्या दिवशी तीन असतील तो दिवस सोडा. एकही नसेल तो धरा. तेही जमत नसेल तर उघडल्या उघडल्या जा, किंवा चारनंतर. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, घाई कसली?

शटलला वेळ असेल तर कॅनडा प्लेसपासून पाण्याच्या कडेने पश्चिमेला चालत जा. हार्बर ग्रीन पार्कमध्ये कोमागाता मारूचं स्मारक आहे. २३ मे १९१४ ला ते जहाज ३७६ प्रवासी घेऊन इथे आलं. जवळजवळ सगळेच पंजाबी, सगळे ब्रिटिश प्रजाजन. मोजक्या लोकांनाच उतरू दिलं, बाकीच्यांना दोन महिने बंदरात अडवून २३ जुलैला परत पाठवलं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे पुलाआधी दाखवायला हवं, असं माझं मत. तिकीट नाही, रांग नाही.

---

सीबस_रोजची

धाग्यात बसचा विषय निघालाच आहे तर एक पुरवणी. सीबस हा दोन झोनचा, म्हणजे भाड्याच्या दोन टप्प्यांचा प्रवास आहे. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाच्या आधी गेलात तर दोन झोनचं भाडं. साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी सगळीकडे एकच झोन. नुसती बस मात्र कधीही एकाच झोनची. तिकीट ९० मिनिटं चालतं, त्यामुळे सीबसवरून बस बदलताना वेगळे पैसे जात नाहीत.

पाहुण्यांचा घोळ होतो तो टॅप करताना. क्रेडिट कार्डाने थेट टॅप करता येतं, पण स्कायट्रेन (इथली मेट्रो) आणि सीबसला आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे टॅप लागतं. आत फोनने आणि बाहेर पाकिटातल्या कार्डाने केलं, तर खातं तेच असूनही यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात आणि दोन्हींवर जास्तीचे पैसे लागतात. बसला फक्त चढताना. शिवाय एका कार्डावर एकच माणूस. चौघांसाठी तेच कार्ड चार वेळा लावून चालत नाही, म्हणून आईवडिलांसाठी कंपास कार्डं (इथली प्रवासाची कार्डं) घेऊन ठेवा.

विमानतळावरून येताना पाच डॉलर जास्त कापले जातात. ती चूक नाही, विमानतळाच्या स्टेशनांचा अधिभार आहे. त्याबद्दल भांडू नका.

---

दगडधोंडे

दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर अडलेत: पूल. मला कळत नाही की झुलता पूलच का हवा.

२३६ नंबरची बस लॉन्सडेल कीवरून सुटते, कॅपिलानो पुलाच्या दारावरून पुढे जाते आणि ग्राउस माउंटनच्या पायथ्याशी थांबते. पुलाच्या दारात उतरू नका. पुढे क्लीव्हलँड धरणाशी उतरा. १९५४ चं, ९१ मीटर उंच. या भागाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच्या मागे साठतो. धरणावरून चालत जाता येतं. एका बाजूला जलाशय आणि त्यामागे 'लायन्स' नावाची दोन शिखरं, दुसऱ्या बाजूला सांडव्यावरून थेट खाली कोसळणारं पाणी. ऑगस्टअखेरीस सांडवा कोरडाही असू शकतो, मे-जूनमध्ये गेलेलं बरं. तिथून जंगलातून पंधरा-वीस मिनिटं उतरलं की साल्मन हॅचरी, म्हणजे साल्मन माशांची पैदास करण्याचं केंद्र. प्रवेश फुकट. मासे चढायची शिडी काचेतून दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर काचेला नाक लावून उभं राहावं असं दृश्य.

नदी तीच, कॅपिलानोच. फक्त तिला तिकीट नाही.

एक इशारा: धरणाखालच्या खडकांवर, नदीच्या पात्रात उतरू नका. १ ऑक्टोबर २०२० ला नियंत्रणयंत्रणेतल्या चुकीमुळे धरणाचं दार अचानक उघडलं आणि खाली मासे पकडणाऱ्या दोघांचा जीव गेला. त्यानंतर भोंगे आणि दिवे बसवलेत. भोंगा वाजला की वस्तू गोळा करत बसायचं नाही, काठ चढायचा.

---

हिशेबी_काकू

दगडधोंडे, हॅचरीचं पटलं. पण धरणापासून तिथे उतरायचं म्हणजे परत चढायचंही. गुडघे दुखणाऱ्यांचं काय?

---

दगडधोंडे

हॅचरीपर्यंत गाडी जाते. बसने आलात तर चढ आहेच, नाही कशाला म्हणू. पण तुमच्या त्या सात पुलांना पायऱ्या नाहीत का?

---

हिशेबी_काकू

आहेत. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मुख्य गोष्ट पायऱ्यांची नाही, परतीची आहे. मोठ्या पुलाला पर्यायी वाट नाही. पलीकडे गेलेल्याला त्याच पुलावरून परत यावं लागतं. जाताना धीर करून गेलेली माणसं पलीकडे बसून राहतात. म्हणून उंचीची भीती असलेल्यांनी आधी क्लिफवॉक करून बघावा. तो प्रवेशाच्याच बाजूला आहे, कड्याला पक्का बांधलेला, त्यामुळे पुलासारखा झुलत नाही. तो जमला नाही तर पूल विसरा आणि अलीकडेच बाकावर बसा. व्हीलचेअर आणि बाबागाडी पुलावर चालत नाही.

पूल हलतो तो वाऱ्याने कमी आणि माणसांच्या पावलांनी जास्त. प्रत्येकाची चाल वेगळी, त्यामुळे फळ्या डावीउजवीकडे जातात. मधोमध चालायचं, गुडघे किंचित सैल, दोराला हात टेकवायचा पण आवळायचा नाही. नजर पायाखाली नको, चार पावलं पुढे. दोन्ही हातांनी दोर पकडून बाजूने चालणारा माणूस स्वतःच जास्त हेलकावे खातो.

---

रेस्क्यूची_बाजू

मूळ लेखावर माझा आक्षेप आहे. लिन कॅनियनची वाहवा केली, पण एक वाक्य धोक्याबद्दल नाही. तिथे थर्टी फूट पूल नावाचा डोह आहे. पाणी पाचूसारखं हिरवं आणि नितळ. उन्हाळ्यात पोरं कड्यांवरून उड्या मारतात. या दरीत आजवर अनेकांचे जीव गेलेत.

कारणं समजून घ्या. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, जुलैतही अंगाला झोंबणारं. एकदम आत पडल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर पोहता येणाऱ्याचंही काही चालत नाही. पाणी नितळ असल्याने तळ जवळ वाटतो, खोलीचा अंदाज चुकतो. धबधब्याखाली प्रवाह माणसाला खडकाच्या कपारीकडे ढकलतो आणि तिथेच धरून ठेवतो. वर पाऊस पडला की पातळी झपाट्याने चढते, खाली ऊन असलं तरी. शेवाळलेल्या कड्यावर सपाट तळव्याचा बूट टिकत नाही.

कुंपण जिथे आहे तिथे ते शोभेसाठी नाही. त्याच्या आत राहिलात तर लिन कॅनियन छान जागा आहे. मुलांना घेऊन जाल तर आधी इकॉलॉजी सेंटरमध्ये न्या, ऐच्छिक देणगीवर आहे.

---

वाटाड्या_उत्तरेचा

आक्षेप बरोबर आहे. ते मूळ लेखातच यायला हवं होतं.

गाडी नेणाऱ्यांसाठी आणखी एक: लिनला उन्हाळ्यात पार्किंगचे पैसे लागतात आणि सुट्टीच्या दिवशी अकराच्या आधीच जागा भरते. म्हणजे 'फुकट' हा शब्द बसने येणाऱ्यांनाच पूर्ण लागू. डबा नेता येतो, बसायला टेबलं आहेत. फक्त दशम्या-लोणचं उघड्यावर ठेवून पुलावर जाऊ नका. अस्वलांचा मुलूख आहे. उरलेलं अन्न झाकणाच्या कचराकुंडीत टाकायचं.

---

कोकणकडेकर

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेल्या माणसाला ५० मीटर काय आणि ७० मीटर काय! आपल्याकडून येणाऱ्यांना दरीचं अप्रूप थोडं कमीच असतं. त्यांना जे आपल्याकडे नाही ते दाखवा.

एक, स्टॅनली पार्क. शहराच्या कुशीत ४०५ हेक्टरचं जंगल. त्याच्याभोवती समुद्राला लागून नऊ-दहा किलोमीटरची वाट. डेनमन आणि जॉर्जिया रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. हेल्मेट कायद्याने सक्तीचं. सायकल एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, म्हणजे पाणी कायम उजव्या हाताला. उलट दिशेने घुसलात तर समोरचे ओरडतात आणि ते बरोबर असतात. सायकल येत नसेल तर १९ नंबरची बस उद्यानात जाते.

दोन, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं मानववंशशास्त्र संग्रहालय. १९७६ ची इमारत, आर्थर एरिक्सन यांची. भूकंपासाठी मजबुतीकरण करून जून २०२४ मध्ये पुन्हा उघडली. टोटेम खांब (इथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब) कॅपिलानोतही आहेत आणि स्टॅनली पार्कच्या ब्रॉक्टन पॉइंटवरही, पण पार्कातले बरेचसे जुने खांब संग्रहालयांत हलवून त्यांच्या जागी नवे उभे केलेत. जुनं लाकूड, त्यावरच्या कोरणीच्या खुणा जवळून बघायच्या तर इथेच. बिल रीड यांचं पिवळ्या सीडरमधलं कावळ्याचं शिल्प इथे आहे. ते एके काळी वीस डॉलरच्या नोटेवर होतं. गुरुवारी संध्याकाळी तिकीट अर्ध्या दरात असतं.

पुलाच्या एका तिकिटात हे दोन्ही होतं आणि जेवणही.

---

हिशेबी_काकू

कोकणकडेकर, सगळेच कडे चढून आलेले नसतात. पुण्यातल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जाणारी माणसंही विमानात बसतात.

आणि पाऊस? नोव्हेंबरमध्ये सायकल काय चालवणार? तेव्हा कॅपिलानोची सरशी होते. पाऊस असला तरी पूल उघडा असतो आणि नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत दिव्यांची रोषणाई असते. डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो, त्यामुळे साडेतीनला आत शिरलात तर एकाच तिकिटात उजेडातली दरी आणि दिवे दोन्ही. लिन कॅनियन तेव्हा ओल्या पायऱ्यांचं काळोखं भुयार असतं.

---

वाटाड्या_उत्तरेचा

डिसेंबर तुमचा, काकू. संग्रहालय पावसातही चालतं, तेवढं कोकणकडेकरांच्या खात्यात. जून ते सप्टेंबर मी सोडत नाही.

---

डेकवरून

मग सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांसाठी: सकाळी २३६ ने हॅचरी आणि धरण, दुपारी परत लॉन्सडेल की, तिथून २२८ ने लिन. दोन्ही बसेस एकाच ठिकाणाहून सुटतात. लॉन्सडेलच्या बाजारातच जेवून घ्या, वरती दोन्हीकडे शाकाहारी पोटभर मिळेल याचा भरवसा नाही.

---

सीबस_रोजची

आणि आठवड्याच्या दिवशी परत येताना साडेसहानंतरची सीबस धरा. एक झोन वाचतो.