मदत हवी आहे : प्रोस्टेटच्या रेडिओथेरपीनंतर रात्रीची लघवी आणि थकवा

माझ्या वडिलांची (वय ७१) प्रोस्टेटच्या कर्करोगावरील रेडिओथेरपी, एकूण २० सत्रे, पूर्ण होऊन सहा आठवडे झाले आहेत. लघवीची जळजळ थांबली असली, तरी रात्री चार-पाच वेळा उठावे लागते आणि त्या अपुऱ्या झोपेमुळे, की उपचारांचाच परिणाम म्हणून, त्यांना दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. मूत्राशयाच्या अस्तराची सूज ओसरायला वेळ लागतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद केल्याने थोडा फरक पडला. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांची झोप साधारण किती दिवसांनी सुधारली, हे कृपया सांगावे. रेडिओथेरपीनंतर पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) हळूहळू, कित्येक महिन्यांत उतरतो हे ठाऊक असूनही पहिल्या तपासणीची त्यांना फार धास्ती वाटते. त्या काळात आपण आपल्या माणसाला कसा धीर दिलात?