डेडलाइन: आधी जागेची सीमा, मग वेळेची

'डेडलाइन' म्हणजे मुदत आणि हा शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जन्मला, असं काही जण म्हणतात. वेळेची मर्यादा हा आजचा अर्थ तिथे रुजला हे खरंच आहे. १९२०च्या आसपास अमेरिकी पत्रकारांच्या बोलण्यात तो पक्का झाला. पण शब्द त्याहून जुना आहे आणि तेव्हा त्याचा घड्याळाशी काही संबंध नव्हता. ती जमिनीवरची खरीखुरी रेषा होती.

अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेच्या सैन्याने जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. भोवती ओंडक्यांची उंच तटबंदी, आणि तिच्या आत सुमारे १९ फुटांवर साध्या लाकडी दांड्यांचं एक ठेंगणं कुंपण. तीच 'डेड लाइन'. ती ओलांडणाऱ्याला, कधी नुसता हात पलीकडे गेला तरी, मचाणावरचा पहारेकरी गोळी घाली. छावणीत आलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० तिथेच मेले, त्यातले बहुतेक उपासमारीने आणि रोगराईने. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला, तेव्हा आरोपपत्रात या रेषेचाही उल्लेख होता. १० नोव्हेंबर १८६५ला त्याला फाशी दिली.

पुढे छापखान्यातही हा शब्द वापरात होता. यंत्राच्या पाट्यावर एक रेषा असे, तिच्या बाहेर गेलेला मजकूर नीट उमटत नसे. म्हणूनच 'डेडलाइन म्हणजे मुदत' एवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. मुदत वाढवून मागता येते. त्या कुंपणापाशी मागण्यासारखं काहीच नव्हतं.