शारजाची ऑफर आहे, कुपवाडची नोकरी सोडावी का?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, वय ३७. कुपवाड एमआयडीसीत १२ वर्षं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटर आहे. ओव्हरटाइम धरून हातात ३४ हजार पडतात. आता शारजाच्या एका मशीन शॉपची ऑफर आलीय: महिना ४,००० दिरहम, करार दोन वर्षांचा, खोली कंपनीची (चौघांत एक), जेवण आपलं.

दिरहम २३ रुपयांनी धरला तर ९२ हजार झाले. तिकडे पगारावर इन्कम टॅक्स नाही. खाणं, मोबाइल, किरकोळ मिळून १,००० दिरहम गेले तरी घरी ६९ हजार येतील. इथल्यापेक्षा महिन्याला ३५ हजार जास्त, दोन वर्षांत ८ लाख ४० हजार. बायकोनं हा हिशेब मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि खाली लिहिलं, 'पीएफ बंद'. ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

खरी गोम पुढे आहे. एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटरचा फोटो पाठवला, त्यात मूळ पगाराच्या आकड्यावरच शिक्का मारलाय. झूम करून बघितलं तर १,६००. बाकीचे २,४०० सगळे भत्ते. यूएईत ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची. म्हणजे दोन वर्षांचे २,२४० दिरहम, जेमतेम ५१ हजार रुपये. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच. तिकडच्या लोकांना विचारायचंय, मूळ पगार एवढा कमी ठेवणं सर्रास चालतं का? घासाघीस करून वाढतो का?

एजंट १ लाख २० हजार मागतोय, निम्मे आधी. वर म्हणतो, "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथं बदलून घेऊ."

घरात लांब जाण्याची भीती कुणाला नाही. आजोळ विट्याकडचं, निम्मी भावकी गलाईच्या धंद्यात. मामांनी कोइमतूरला ३० वर्षं सोनं गाळलं. पण तेच म्हणाले, "आम्ही गाववाल्याच्या दुकानात उतरायचो. तुझं तिथं कोण हाय?"

आणि तासगावजवळ वडिलांची ३० गुंठे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी रोगाच्या भीतीनं पहाटे औषध मारायला मीच पळतो. वडिलांना आता पाठीवर पंप झेपत नाही.

गेलेल्यांनी आणि जाऊन परत आलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

अपडेट: सगळ्यांचे आभार. तुमच्या सांगण्यावरून परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर बघितलं, या एजंटचं नाव नोंदणीत नाही. नोंदणी असलेल्यालाही ३० हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला इथंच कळलं. यूएईच्या कायद्यानं तर भरतीचा खर्च कामगारावर टाकताच येत नाही म्हणे. कायदा वाचला, तसंच आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे, तो विषय संपला.

एजंटला सांगितलं, एम्प्लॉयमेंट व्हिसा आणि मूळ पगार २,८०० लिहून आणा, मग बोलू. "उद्या सांगतो" म्हणाला, त्याला चार दिवस झाले. कंपनीचा पत्ता शोधून थेट मेल टाकलाय.

बागेबद्दल मात्र कुणीच काही लिहिलं नाही. छाटणी दसऱ्यानंतर धरलीय.